अकरावा रकाना

मीटिंगचे मिनिट्स लिहिण्याचं काम माझ्याकडे आलं, कारण मी मीटिंगमध्ये बोलत नसे. "तू तशीही गप्प बसतेस, मग लिहीत तरी बस," असं सर हसत म्हणाले, आणि पुढची दीड वर्षं ते माझंच काम राहिलं. मला ते आवडलं होतं. लिहिणाऱ्याकडे कोणी बघत नाही. मान खाली घालून बसायला कारण मिळतं.

सर म्हणजे आमच्या सॉफ्टवेअर कंपनीतल्या टीमचे प्रमुख, माझ्यासारखे पुण्याचेच, माझ्याहून बारा-तेरा वर्षांनी मोठे. कंपनीत सगळ्यांना नावाने हाक मारायची पद्धत होती आणि हॉलंडमध्ये तर थेट मोठ्या साहेबालाही, पण माझ्या तोंडून ते कधी निघालं नाही. मी त्यांना सरच म्हणत राहिले.

दोन हजार पाच सालचा हिवाळा होता. मी पंचवीस वर्षांची होते. अ‍ॅमस्टेलव्हीनला आमच्याच कंपनीतल्या एका मुलीबरोबर फ्लॅटमध्ये राहायचे आणि सकाळी लांबट तिकिटाच्या एकेका पट्टीवर शिक्का मारून घेत ट्रामने अ‍ॅमस्टरडॅमच्या झुइडास या ऑफिसांच्या भागात जायचे. ऑफिस नवव्या मजल्यावर, चारी बाजूंनी काच. तिथे बसून आम्ही पोलादाच्या कारखान्यांची सिस्टीम बनवत होतो, आणि पोलाद बनताना मी आयुष्यात पाहिलेलं नव्हतं.

कारखाने तीन होते. एक हॉलंडच्या दक्षिण टोकाला सीमेलगत, दुसरा बेल्जियममध्ये, तिसरा जर्मनीत. ट्रकने गेलं तर एकमेकांपासून फार तर दोन तासांवर. पूर्वी तिघांचे मालक वेगळे, आता तिन्ही एकाच कंपनीत आले होते. तरी डच ऑर्डर डच कारखान्यातच निघत होती आणि जर्मन ऑर्डर जर्मन कारखान्यात, जणू मध्ये अजून चौक्या उभ्या आहेत. आमच्या सिस्टीमला सीमा दिसणारच नव्हती. ऑर्डर कुठल्याही देशातून येवो, ज्या लाइनवर, म्हणजे पत्रा दाबणाऱ्या यंत्रांच्या रांगेवर, ती सगळ्यात सोयीची, तिथे तिने जायचं. त्यासाठी प्रत्येक लाइनची माहिती एका तक्त्यात भरायची होती. पत्रा किती रुंद चालतो, किती जाड, तासाला किती टन, असे दहा रकाने. सिस्टीमला जगाबद्दल जे काही कळणार होतं ते या दहा रकान्यांतून.

तक्ता सांभाळायचं काम अर्थात माझंच. मी तो फार देखणा केला होता. कागद आडवा धरला की दहाही रकाने एका पानावर बरोबर मावत, एक अक्षर खाली उतरत नसे. मी ज्या इंग्रजी शाळेत शिकले तिथे खाडाखोडीला गुण कापत, आणि माझी वही दरवर्षी इतर वर्गांत फिरवून दाखवत असत. वहीत काय लिहिलंय याबद्दल कोणी काही बोललेलं मला आठवत नाही. वही स्वच्छ असे, एवढंच.

मीटिंग महिन्यातून एकदा, पाळीपाळीने तिन्ही कारखान्यांत. अध्यक्ष एक बेल्जियन बाई होत्या. सुरुवातीलाच त्या मागच्या मिनिट्सचे कागद हातात घेऊन विचारत, "पान एक?" मग थांबत. खरोखर थांबत, चार-पाच सेकंद, सगळ्यांकडे बघत. "पान दोन?" पुन्हा थांबत. जो बोलला नाही त्याला ते मान्य, आणि मग त्यावर पुन्हा चर्चा नाही. आमच्याकडे मिनिट्स साहेबाला दाखवायचे, मग सगळ्यांना पाठवायचे, आणि कोणी ते वाचायचे नाहीत. त्यामुळे हा प्रकार मला पहिल्यांदा गमतीचा वाटला होता.

जानेवारीची मीटिंग डच कारखान्यात होती. जेवणाच्या सुट्टीत तिथल्या प्लॅनरने, म्हणजे कुठल्या मशीनवर कधी कुठला माल घ्यायचा हे ठरवणाऱ्या माणसाने, मला विचारलं, "तू आमची लाइन पाहिलीस?"

तो साठीच्या आसपासचा होता. उंच, थोडा वाकलेला, स्वेटरच्या बाहीला कोपरापाशी ठिगळ. मीटिंगमध्ये तो फारसा बोलत नसे, कारण त्याला इंग्रजी बेताचं येत असे. त्यामुळे मला तो जवळचा वाटायचा. मी मान हलवून नाही म्हटलं.

"मग लिहितेस कशाबद्दल?" असं म्हणून त्याने माझ्यापुढे हेल्मेट धरलं.

लाइन छोटी होती. मी दंतकथेतल्यासारख्या आगीच्या भट्ट्या कल्पिल्या होत्या आणि इथे एका लांबट शेडमध्ये वीतभर रुंदीची चकाकती पट्टी एका रिळावरून दुसऱ्या रिळावर जात होती, मध्ये दाबून पातळ होत. तो माझ्या कानाशी ओरडून बोलत होता. अमुक कारखाना बिस्किटांच्या डब्यांची कडी करतो, तमुक छत्रीच्या काड्या. मग त्याने माझ्या वहीत अडकवलेलं पेन काढलं आणि टोपणाच्या क्लिपवर नख वाजवलं. "हे. हे पण असंच कुठल्यातरी लाइनवरून येतं. वर्षाला असे दोन-तीनच रोल लागतात पेनवाल्यांना. मोठी लाइन दोन रोलसाठी थांबत नाही. आम्ही थांबतो."

परत येताना शेडच्या मागच्या बाजूने आलो. शेतापलीकडे झाडांची एक रांग होती. त्या रांगेपलीकडे बेल्जियम, तो म्हणाला. त्याच्या लहानपणी आई लोणी पोटाला बांधून ती रांग ओलांडायची, कारण तिकडे लोणी महाग होतं. एकदा जकातवाल्याने तिला मुद्दाम गप्पा मारत शेकोटीशेजारी बसवून ठेवलं. "लोणी वितळायला लागलं. आई बसून राहिली. तोही बसून राहिला. दोघांना माहीत होतं." तो हसला. "लोखंडाला मात्र तेव्हाही जकात नव्हती. लोखंड आमच्याआधी मोकळं झालं. माझा बाप म्हणायचा, शेजाऱ्यांनी लोखंड वाटून घेतलं की तोफा ओतायच्या आधी एकमेकांना विचारावं लागतं."

त्याला तीन कारखाने एक होण्याचं दुःख नव्हतं, हे मला इथे सांगायलाच हवं. पुढे आमच्या ऑफिसात त्याला 'विरोध करणारा म्हातारा' म्हणायला लागले, ते खोटं होतं.

दुपारच्या मीटिंगमध्ये तो बोलला. शब्द शोधत, मध्येच डच शब्द घालत, पण जे म्हणायचं ते स्वच्छ म्हणाला. तक्त्यात एक रकाना कमी आहे. कुठली लाइन कमीत कमी केवढी ऑर्डर घेते, हे तक्त्यात कुठेच नाही. रुंदी आणि जाडी बघितली तर जर्मनीतली मोठी लाइन आमची सगळी कामं करू शकते. कागदावर. पण ती छोट्या ऑर्डरी घेणार नाही, आणि सिस्टीमला ते कळणार नाही. "हा रकाना घातला नाही," तो म्हणाला, "तर तुमच्या कॉम्प्युटरला आमची लाइन दिसणारच नाही." त्या लाइनवर चाळीसेक माणसं होती.

मी शब्दन्‌शब्द वहीत लिहून घेतलं आणि खाली दोन रेघा मारल्या.

दुसऱ्या दिवशी सरांनी माझा मसुदा वाचला. "अगं, हे मिनिट्स आहेत की कादंबरी?"

"सर, तो रकान्याचा मुद्दा..."

"तक्ता मागच्याच महिन्यात फ्रीझ झालाय ना? आता एक रकाना घातला की तिन्ही कारखान्यांतून पुन्हा डेटा मागवा, पुन्हा टेस्टिंग. बघ, जरा आटोपशीर कर." एवढं म्हणून ते फोनवर बोलायला लागले.

काढून टाक, असं ते म्हणाले नव्हते. हे मी नंतर स्वतःला अनेकदा आठवून दिलं आहे. मी जागेवर येऊन आधी अकरावा रकाना घालून पाहिला. तक्ता फुटला. शेवटचा रकाना एकटाच दुसऱ्या पानावर गेला, अक्षरं लहान केली तरी मावेना. मी अर्धा तास खटपट केली. मग रकाना काढला, आणि मग तो मुद्दाही काढला, कारण मुद्दा ठेवून रकाना नसला तर कोणीतरी विचारलं असतं. त्याच्या जागी लिहिलं, 'तक्त्यावर चर्चा झाली.' पान पुन्हा स्वच्छ दिसायला लागलं. हे कबूल करायला मला आजही जड जातं, की त्या क्षणी मला बरं वाटलं.

फेब्रुवारीची मीटिंग बेल्जियममध्ये होती. सुरू व्हायच्या आधी प्लॅनर कॉफीच्या मशीनपाशी भेटला. मिनिट्सचे कागद त्याच्या काखेत होते, अजून स्टेपलपाशी न दुमडलेले.

"इंग्रजी वाचायला मला वेळ लागतो," तो म्हणाला. "माझा मुद्दा आलाय ना त्यात?"

"हो," मी म्हटलं. "आहे."

आधी ठरवून बोललेलं खोटं ते नव्हतं. वडीलधारं माणूस आशेने काही विचारतं तेव्हा माझ्या तोंडून हो निघतं, लहानपणापासून. पोट भरलं का, अभ्यास झाला का, पत्ता सापडेल ना. आमच्या घरात नाही म्हणणं उद्धटपणाचं होतं, आणि हो म्हटल्यावर जे राहिलं असेल ते मागाहून गुपचूप करून टाकायचं असतं. मीही मनात तेच म्हटलं. पुढच्या मिनिट्सला एखादी पुरवणी जोडू.

"छान," तो म्हणाला आणि मला साखरेची पुडी काढून दिली.

दहा मिनिटांनी अध्यक्षबाईंनी विचारलं, "पान दोन?" त्या थांबल्या. तो कॉफी ढवळत होता. त्याने माझ्याकडे बघून मान हलवली, ओळखीची. पान दोन मंजूर झालं.

पुरवणी मी जोडली नाही. कामं होती, आजारपण झालं, मार्च संपला.

एप्रिलमध्ये सिस्टीम पहिल्यांदा जुन्या ऑर्डरी घालून चालवली. पडद्यावर तिन्ही कारखान्यांच्या लाइनी रांगेने होत्या आणि प्रत्येकीपुढे तिला मिळालेलं काम निळ्या पट्टीने दाखवलं होतं. त्या छोट्या लाइनपुढे निळं काहीच नव्हतं. छत्रीच्या काड्या, बिस्किटांचे डबे, पेनाच्या क्लिपा, सगळं जर्मनीला गेलं होतं. सर खूश होते, सिस्टीम बंद पडली नव्हती.

त्या महिन्याच्या मीटिंगला प्लॅनर उभा राहून बोलला. तो कधी उभा राहत नसे. "मी जानेवारीत हे सांगितलं होतं. रकाना कुठे आहे?"

सरांनी मिनिट्सची फाइल उघडली. शांतपणे, नम्रपणे. "जानेवारीच्या मिनिट्समध्ये असा मुद्दा नाही. आणि ते मिनिट्स मंजूर झालेत." मग ते माझ्याकडे वळले. "तू सगळं लिहून घेतेस. असा मुद्दा निघाला होता का?"

वही माझ्या मांडीवर होती. ती वही, तेच पान, दोन रेघा मारलेलं. टेबलाखाली माझा अंगठा त्या पानाच्या कडेवर होता.

"मला नोट्स बघाव्या लागतील," मी म्हणाले.

प्लॅनर माझ्याकडे बघत होता. हीच म्हणाली होती 'आहे', असं तो आता सांगेल, म्हणून मी वाट पाहत होते. मला वाटतं, मला ते हवंही होतं. तो खुर्ची ओढून बसला. "मी वाचायला हवं होतं," तो म्हणाला. "माझी चूक."

अध्यक्षबाई म्हणाल्या, लाइनचं काय करायचं ते जूनमध्ये ठरेल. मी ते लिहून घेतलं.

माझ्याबरोबर राहणारी मुलगी नागपूरची होती, तोंडाने फटकळ. चार दिवस मी धड जेवत नाही हे बघून तिने मला बोलतं केलं. सगळं ऐकून ती म्हणाली, "वा! म्हणजे गप्प राहून राहून तू एक लाइन बंद पाडलीस. मी एवढी बडबड करते, माझ्याने एक खिडकीसुद्धा बंद होत नाही."

"चेष्टा करू नकोस गं."

"चेष्टा नाही करत. सांगून टाक ना त्याला."

"सरांना कळलं तर? कामाचं परमिट कंपनीच्या नावावर आहे. उद्या परत पाठवलं तर आईला काय सांगू?"

"ते मला नाही माहीत. पण वरणभात खा. उपास करून त्याची लाइन सुरू होणार नाहीये."

मी प्लॅनरला पत्र लिहिलं, फोन करायची हिंमत नव्हती म्हणून. भेटायला येऊ का, एवढंच. उलट टपाली कार्ड आलं. शनिवार, साडेदहा. खाली ट्रेनच्या वेळा, गाडी कुठे बदलायची तेही, सुवाच्य अक्षरात.

अडीच तासांचा प्रवास होता. तो स्टेशनवर घ्यायला आला नाही, दारात उभा राहिला. बायको बाजारात गेली होती. टेबलावर कॉफी आणि एक गोल, पसरट पदार्थ होता, पिठाच्या पारीत घट्ट भाताची खीर भरून भाजलेला. त्याने मला त्रिकोणी तुकडा कापून दिला. मी तो खाल्ला, कारण नाही म्हणता येईना. मग पिशवीतून वहीतल्या पानाची झेरॉक्स काढून त्याच्यापुढे ठेवली.

त्याने चष्मा लावला आणि सावकाश वाचलं. ओठ हलत होते. दोन रेघांवर त्याने बोट ठेवलं.

"मी लिहिलं होतं," मी म्हणाले. "नंतर काढलं. आणि तुम्हाला सांगितलं की आहे. आय अ‍ॅम सॉरी." मग मला रडू आलं, आणि रडताना मी त्याच्याकडे चोरून बघत होते, त्याला काय वाटतंय ते.

त्याने रडणं थांबायची वाट पाहिली. सांत्वन वगैरे काही केलं नाही.

"हे आणखी कोणाला दाखवलंस?"

"कोणालाच नाही. तुम्हालाच."

"मग चुकीच्या माणसाला दाखवलंस." त्याने कागद माझ्याकडे सरकवला. "मी काय बोललो ते मला माहीत आहे. मी तिथे होतो."

मग त्याने दुसरा तुकडा हवा का, एवढं विचारलं. मी हो म्हटलं, आणि मग पहिल्यांदाच, का कोण जाणे, "नको" म्हटलं. त्याने सुरी खाली ठेवली.

सोमवारी सकाळी मी ती झेरॉक्स सरांच्या टेबलावर ठेवली. त्यांनी ती दोनदा वाचली.

"मी काढ म्हणालो होतो?"

"नाही सर. तुम्ही आटोपशीर कर म्हणालात. काढलं मी."

ते खुर्चीत मागे टेकले. रागावतील असं वाटलं होतं, पण ते दमलेले दिसले. "घरात आई-वडिलांना असंच सगळं गोड गोड सांगतेस का तू?" असं विचारून स्वतःच म्हणाले, "मीही तेच करतो म्हणा." मग काचेबाहेर बघत, "ठीक आहे. दुरुस्ती पाठव. पण क्लायंटसमोर शोभा नको. लिही, सदर मुद्दा नजरचुकीने राहिला होता. कोणाचं नाव नको."

मी तसंच लिहिलं. अकरावा रकाना घातला. तक्ता फुटला, शेवटचा रकाना एकटाच पुढच्या पानावर गेला, आणि मी तो तसाच जाऊ दिला. तिन्ही कारखान्यांतून आकडे आले. जर्मनीहून तर परतीच्या मेलमध्ये लिहून आलं, बरं झालं, एवढ्या बारीक ऑर्डरी आम्हाला नकोच होत्या. पुन्हा सिस्टीम चालवली तेव्हा छोट्या लाइनपुढे निळी पट्टी आली. फार लांब नाही, पण होती.

जूनची मीटिंग, पाळी जर्मनीची असूनही, डच कारखान्यात ठेवली होती, कारण विषय तिथल्या लाइनचा होता. लाइन चालू ठेवायचं ठरणार हे सगळ्यांना आधीच कळलं होतं, खोलीत हसणं-बोलणं होतं. प्लॅनर माझ्यासमोर बसला होता. या वेळी त्याच्या मिनिट्सच्या कडा मऊ पडल्या होत्या. पानापानावर पेन्सिलीने बारीक डच शब्द लिहिलेले होते, डिक्शनरीतून काढलेले. दुरुस्तीच्या ओळीतल्या एका शब्दाखाली त्याने रेघ मारली होती. उलटं दिसत असूनही मला तो वाचता आला. 'नजरचुकीने'.

"पान एक?" अध्यक्षबाईंनी विचारलं. त्या थांबल्या. "पान दोन?"

त्याने पेन्सिल त्या शब्दाशेजारी ठेवली आणि माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. दारात उभं राहून कोणाला तरी आधी जाऊ द्यावं, तसं. चार सेकंद, पाच सेकंद. सर कागद चाळत होते. एक वाक्य पुरलं असतं. नजरचूक नव्हती, मी काढलं होतं. इंग्रजीत पाच-सहा शब्द, आणि माझं इंग्रजी तर खोलीत सगळ्यात चांगलं होतं.

मी मान खाली घातली आणि तारीख लिहिली.

त्याने पेन्सिल उचलून खिशात ठेवली. पान दोन मंजूर झालं. मग लाइनचा विषय निघाला, ती चालू ठेवायचं ठरलं, कोणीतरी टाळ्या वाजवल्या, आणि त्याने हात हलवून त्या थांबवल्या. मी सगळं लिहून घेतलं. दुसऱ्या दिवशी नवव्या मजल्यावर बसून मिनिट्स तयार केले, नेहमीसारखे नीटनेटके. पहिल्या मुद्द्यापुढे लिहिलं, मागील मिनिट्स मंजूर, कोणाचीही हरकत नाही.